आधी मक्ते रद्द, मग भाषण : एलिझाबेथ राणी आणि १६०१ ची पार्लमेंट

३० नोव्हेंबर १६०१ च्या दुपारी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात हाउस ऑफ कॉमन्सचे सुमारे १४० सभासद एका ६८ वर्षांच्या राणीसमोर गुडघे टेकून बसले होते. पहिल्या एलिझाबेथला गादीवर येऊन ४३ वर्षे झाली होती. त्या दिवशी ती जे बोलली त्याला पुढच्या पिढ्यांनी 'सुवर्ण भाषण' म्हटले, आणि राजाने प्रजेच्या प्रतिनिधींचा निरोप कसा घ्यावा याचा नमुना म्हणून ते आजही वाचले जाते. वाचणारे बहुतेक जण भाषणातल्या गोड वाक्यांवरच थांबतात. पण आदल्या दहा दिवसांत जे घडले ते घडले नसते, तर त्याच वाक्यांना सभागृहाने कोरडा प्रतिसाद दिला असता. या प्रकरणात त्या दहा दिवसांचाच विचार अधिक केला आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडचे स्पेनशी १५८५ पासून युद्ध चालू होते. आयर्लंडमध्ये ह्यू ओ'नील या आयरिश सरदाराचे बंड विझत नव्हते, आणि १६०१ च्या सप्टेंबरात स्पॅनिश फौज आयर्लंडच्या दक्षिणेला किन्सेल येथे उतरली होती. मधल्या काळात, १५९४ ते १५९७, लागोपाठ पिके बुडाली होती. खजिन्यात पैसा नव्हता. पार्लमेंटकडून कर मागावा तर दर वेळी मोठी मागणी करावी लागे. १५८९ साली दुप्पट कर घेतला होता, १५९३ आणि १५९७ साली तिप्पट.

सरदारांना, दरबाऱ्यांना आणि जुन्या नोकरांना बक्षीस द्यायला रोकड नसेल तर राजाकडे दुसरी एक गोष्ट होती: सनद. अमुक वस्तू बनवण्याचा, आणण्याचा किंवा विकण्याचा हक्क राजमुद्रा उठवून एकाच माणसाला द्यायचा. १५६० च्या दशकात या सनदांमागे चांगला हेतू होता. परदेशातले कसबी कारागीर इंग्लंडमध्ये यावेत, काच आणि साबण यांसारखे धंदे तिथे रुजावेत, म्हणून नव्या कलेला काही वर्षांचे संरक्षण दिले जाई. पुढे मात्र मीठ, व्हिनेगर, स्टार्च, पत्ते, बाटल्या, ब्रश, माशाचे तेल अशा रोजच्या वस्तूंवर मक्ते दिले जाऊ लागले. त्यात नवे कसब काहीच नव्हते. पूर्वी जो धंदा दहा जण करत, तो आता एकाच्या परवानगीने चालू लागला.

लोकांना जाच होई तो मक्तेदाराच्या माणसांचा. मक्तेदार स्वतः दरबारात असे. गावोगाव फिरून दुकाने तपासणारे, माल जप्त करणारे, 'परवाना दाखव नाहीतर पैसे टाक' म्हणणारे त्याचे हस्तक असत. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा गोळा करणारे तर सनद पुढे करून लोकांच्या कबुतरखान्यांची आणि तबेल्यांची जमीन उकरत. मिठाचा भाव काही ठिकाणी बुशेलमागे (बुशेल हे तिथले माप) १६ पेन्सांवरून १४–१५ शिलिंगांवर गेल्याची नोंद आहे. १२ पेन्सांचा एक शिलिंग, म्हणजे वाढ दहापटीहून जास्त. हिवाळ्यासाठी मांस-मासे मिठात मुरवून ठेवणाऱ्या देशात याचा अर्थ काय होता ते सांगायला नको.

१५९७ च्या पार्लमेंटमध्ये याविरुद्ध तक्रार झाली होती. राणीने आपल्या लॉर्ड कीपरच्या, म्हणजे राजमुद्रा सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या तोंडून उत्तर दिले की सगळ्या सनदा तपासल्या जातील आणि कायद्याच्या कसोटीला लावल्या जातील. सभासद समाधानाने घरी गेले. चार वर्षांत तपासणी जवळजवळ झालीच नाही. उलट नव्या सनदा निघाल्या. पुढे जे चिघळले त्याचे मूळ माझ्या मते या न पाळलेल्या शब्दात आहे.

त्यात १६०१ च्या फेब्रुवारीत अर्ल ऑफ एसेक्सचे, म्हणजे राणीच्या एकेकाळच्या लाडक्या सरदाराचे, बंड झाले. गोड दारूच्या आयातीवरील जकातीचा मक्ता हा त्याच्या मिळकतीचा मोठा आधार होता. राणीने तो पुन्हा देण्याचे नाकारले, तो कर्जात बुडाला आणि शेवटी लंडनच्या रस्त्यांवर तलवार घेऊन उतरला. २५ फेब्रुवारीला त्याचा शिरच्छेद झाला. मक्ते देऊन माणसे बांधून ठेवणारी ही पद्धत मक्ता काढला की काय करते, ते राणीने त्याच वर्षी पाहिले होते.

अडचण

२७ ऑक्टोबर १६०१ रोजी राणीच्या कारकिर्दीतली दहावी पार्लमेंट भरली. सुरुवातच बिघडली. उद्घाटनाचे भाषण ऐकायला निघालेल्या कॉमन्सच्या सभासदांपैकी अनेकांना दार बंद झाल्याने बाहेरच राहावे लागले. राणी बाहेर पडताना नेहमीसारखा जयघोष झाला नाही, हे हेवर्ड टाउनशेंड नावाच्या तरुण सभासदाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे. (या पार्लमेंटची आतली हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः त्याच्यामुळे.)

करावरच्या चर्चेत सार्जंट हील नावाच्या वकिलाने सांगितले की प्रजेच्या सगळ्या जमिनीवर आणि मालमत्तेवर राणीचा हक्कच आहे, मग कर देताना एवढी कुरकुर कशाला? सभागृहाने खाकरून आणि हसून त्याला बोलू दिले नाही. तरी कर द्यायला सभासद तयार होते, कारण किन्सेलचे संकट खरे होते. चार पट कर, इतका की पूर्वी कधी घेतला नव्हता, देण्याचे ठरले. त्याचा कायदा अजून पुरा व्हायचा होता.

अशा वेळी, २० नोव्हेंबरच्या सुमारास, लॉरेन्स हाइड या सभासदाने एक विधेयक पुढे आणले. वरवर ते साधे होते: सनदांच्या बाबतीत सामान्य कायदा (न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेला) काय म्हणतो त्याचे स्पष्टीकरण. आत दडलेला प्रश्न मात्र मोठा होता. राजाने आपल्या विशेषाधिकाराने दिलेली सनद पार्लमेंट कायदा करून मोडू शकते का?

पुढचे चार-पाच दिवस सभागृह धुमसत होते. रिचर्ड मार्टिनने मक्तेदारांना राज्याचे रक्त शोषणारे म्हटले. गेल्या पार्लमेंटनंतर दिलेल्या सनदांची यादी वाचली गेली. पत्त्यांचे नाव आले तेव्हा सर वॉल्टर रॅले या सनदा बाळगणाऱ्या दरबारी सभासदाचा चेहरा लाल झाला, असे टाउनशेंड लिहितो. कथलाच्या सनदेवरून त्याच्याकडे बोट गेल्यावर रॅलेने तिचे समर्थन केले, पण बाकी सगळ्या रद्द होणार असतील तर आपलीही खुशाल करा, असे तो म्हणाला. सभागृहात शांतता पसरली. यादी संपल्यावर विल्यम हेकविल उठला आणि त्याने विचारले, ''यात पाव नाही का?'' कोणीतरी चकित होऊन म्हणाले, ''पाव?'' हेकविल म्हणाला, ''आज यांचा बंदोबस्त केला नाहीत, तर पुढच्या पार्लमेंटच्या आत पावही यादीत येईल.''

दरबाराची बाजू सांभाळायची होती राणीचा सचिव रॉबर्ट सेसिल याला. त्याचे वडील, राणीचे जुने मुख्य सल्लागार लॉर्ड बर्ली, १५९८ साली वारले होते, आणि सभागृह हाताळण्याची त्यांची हातोटी मुलाकडे अजून आली नव्हती. तो चिडला. ही पार्लमेंट आहे की शाळा, असे त्याने सभासदांना सुनावले. आपल्या गाडीतून जाताना 'मक्ते उलथवणाऱ्यांचे देव भले करो' अशा आरोळ्या कानांनी ऐकल्याचेही त्याने सांगितले. पार्लमेंटमधले बोलणे रस्त्यावर जाते हे त्याला धोक्याचे वाटत होते. माझ्या मते त्या आरोळ्यांतून दरबाराला बाहेरच्या स्थितीची खरी बातमी मिळाली. मीठ विकत घेणारा माणूस आत काय चालले आहे ते ऐकत होता.

समोर असलेले पर्याय

निर्णय दोन ठिकाणी व्हायचा होता. कॉमन्सपुढे वाटा दोनच होत्या: विधेयक किंवा विनंती-अर्ज. वकील आणि सभासद असलेल्या फ्रान्सिस बेकनने अर्जाचा आग्रह धरला. राणीच्या विशेषाधिकाराची चिकित्सा करणे हे आपले काम नाही, गुडघे टेकून विनंती करावी हीच जुनी रीत आहे, असे त्याचे म्हणणे. विधेयकवाल्यांचे उत्तर तितकेच सरळ होते: गेल्या वेळी विनंतीच केली होती, मिळाले काय? बेकनने या प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्याच्याकडे ते असण्याची शक्यताही नव्हती.

राणीपुढे वाटा अधिक होत्या. सभागृहाला हा विषय सोडा असा हुकूम देता आला असता. १५७१ साली रॉबर्ट बेलने परवान्यांबद्दल तोंड उघडले तेव्हा त्याला राजमंडळापुढे बोलावून दटावले होते, आणि पीटर वेंटवर्थसारखा सभासद टॉवरच्या तुरुंगातच मेला होता. पण तेव्हा एकटादुकटा माणूस बोलत होता. आता सगळे सभागृह बोलत होते, आणि कराचा कायदा अपुरा होता. दुसरी वाट म्हणजे विधेयक दोन्ही सभागृहांतून येऊ द्यायचे आणि संमती नाकारायची. तो अधिकार तिला होता आणि तिने तो पूर्वी वापरलाही होता. मात्र या विषयावर नकार दिला असता तर मिठाचा भाव तिच्या स्वतःच्या नावावर चढला असता. तिसरी वाट विधेयकाला संमती देण्याची. ती दिली तर सनद देण्याच्या अधिकारावर कायद्याचा लगाम कायमचा बसतो. चौथी वाट १५९७ ची, पुन्हा आश्वासन. त्यावर आता कोणी विश्वास ठेवला नसता.

उरली पाचवी. विधेयक येण्याच्या आत स्वतःच्या अधिकाराने वाईट सनदा काढून घ्यायच्या. तक्रार मिटते आणि अधिकार शाबूत राहतो, कारण सनद देणाऱ्यानेच ती परत घेतलेली असते.

केलेली कृती

२५ नोव्हेंबरला सभापती जॉन क्रोकने राणीचा निरोप सांगितला: काही सनदा ताबडतोब रद्द, काही स्थगित, आणि उरलेल्या कायद्याने तपासल्याशिवाय कोणाविरुद्ध वापरल्या जाणार नाहीत. सेसिलने उठून वस्तूंची नावे एकेक करून सांगितली. जेवणाला आता स्वस्त मीठ मिळेल, व्हिनेगर मिळेल, कपड्यांना स्टार्च मिळेल, अशा घरगुती भाषेत. हा बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. कालपरवा दटावणारा हाच माणूस आज सभागृहाला स्वयंपाकघराच्या भाषेत सांगत होता, कारण सांगण्यासारखे काही त्याच्या हाती आले होते.

शब्दावर भागणार नव्हते. २८ नोव्हेंबरला छापील जाहीरनामा निघाला. मीठ, व्हिनेगर, मद्यार्क, मासे खारवणे, माशाचे तेल, भांडी, ब्रश, बाटल्या, स्टार्च यांच्या सनदा रद्द झाल्या. बाकीच्यांमुळे ज्याला त्रास होईल त्याला साध्या न्यायालयात दाद मागण्याची मोकळीक मिळाली. त्याच जाहीरनाम्यात शेवटी ताकीदही होती: राणीच्या विशेषाधिकाराविरुद्ध बेअदबीने बोलणाऱ्याला शिक्षा होईल.

आता सभागृहाला आभार मानायचे होते. किती जणांनी यावे असा प्रश्न निघाला. जागा बेताची असल्याने प्रथम चाळीस-पन्नास किंवा शंभरांची भाषा झाली. मागून आवाज उठले, ''सगळे, सगळे, सगळे!'' राणीने सगळ्यांना बोलावले. निर्णय लहान वाटतो, पण महिन्याभरापूर्वी ज्यांच्या तोंडावर दार बंद झाले होते त्यांच्यासाठी तो लहान नव्हता.

क्रोकने लांबलचक आभार मानले. मग राणी बोलली. पहिल्याच वाक्यांत तिने आभाराची दिशा फिरवली: तुम्ही मला धन्यवाद देता, पण तुम्ही माझे मानावेत त्याहून मीच तुमचे आभार मानायला हवेत, तुमच्याकडून कळले नसते, तर केवळ खरी माहिती नसल्यामुळे माझ्या हातून चूक घडली असती. देवाने मला उंच स्थानी बसवले, तरी तुमच्या प्रेमाने राज्य केले यातच मी माझ्या मुकुटाचे वैभव मानते, असे ती म्हणाली. मध्येच थांबून तिने त्यांना उभे राहायला सांगितले, कारण अजून बराच वेळ बोलायचे होते. इतका वेळ ते गुडघ्यांवरच होते.

मक्त्यांबद्दल ती आडपडदा न ठेवता बोलली, पण दोष कोणाकडे जाईल हे नीट ठरवून. माझ्या देणग्या प्रजेला जाचक व्हाव्यात, सनदेच्या आडून जुलूम व्हावा, हे राजपदाला सहन होणार नाही. औषधावर सुगंध चढवून किंवा गोळीला सोनेरी मुलामा देऊन ती गळी उतरवणाऱ्या वैद्यांसारखी माणसे राजांना फसवतात, असे तिने सांगितले. सनदेवर सही कोणाची होती हा प्रश्न या मांडणीत मागे पडला. सभागृहालाही तो त्या दिवशी पुढे आणायचा नव्हता.

आणि मग निरोपाची वाक्ये. मुकुट पाहणाऱ्यांना जितका तेजस्वी दिसतो, तितका तो धारण करणाऱ्याला सुखाचा नसतो. माझे जगणे आणि राज्य करणे तुमच्या भल्याचे असेल तोवरच, त्याहून जास्त जगण्याची मला इच्छा नाही. या आसनावर माझ्याहून बलवान आणि शहाणे राजे आले असतील, येतीलही; पण तुमच्यावर माझ्याहून अधिक प्रेम करणारा आला नाही आणि येणार नाही. शेवटी तिने सांगितले की आपापल्या परगण्यांत परतण्याआधी या सगळ्यांना माझ्या हाताचे चुंबन घेऊ द्या. 'मी जाते' असे ती कुठेच म्हणाली नाही. ऐकणाऱ्यांना ते कळले, एवढे पुरे होते.

परिणाम

हाइडचे विधेयक मागे पडले आणि कराचा कायदा झाला. १९ डिसेंबरला पार्लमेंट विसर्जित होताना राणी पुन्हा बोलली, मुख्यतः युद्धाबद्दल. तारखेने पाहिले तर तेच तिचे पार्लमेंटपुढचे शेवटचे भाषण. स्मरणात राहिले ते ३० नोव्हेंबरचे. त्याच डिसेंबरात किन्सेलला इंग्रजांचा विजय झाला. २४ मार्च १६०३ रोजी रिचमंडच्या राजवाड्यात ती वारली. मध्ये दुसरी पार्लमेंट भरली नाही.

जाहीरनाम्याने उघडलेल्या न्यायालयाच्या दाराचा उपयोगही लगेच झाला. एडवर्ड डार्सीकडे पत्त्यांचा मक्ता होता. त्याने लंडनच्या ॲलन नावाच्या व्यापाऱ्यावर खटला भरला. न्यायाधीशांनी डार्सीचा मक्ताच बेकायदा ठरवला: त्याने भाव वाढतो, मालाचा दर्जा घसरतो आणि कारागिराची भाकरी जाते. कॉमन्सला विधेयकाने जे मिळवता आले नाही, त्याचा काही भाग एका पत्तेविक्याच्या खटल्याने मिळवून दिला.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. एलिझाबेथनंतर गादीवर आलेल्या पहिल्या जेम्सने आल्या आल्या मक्ते थांबवले आणि पुढे पुन्हा भरमसाट वाटले. १६२१ च्या पार्लमेंटमध्ये राग उसळला, सर जाइल्स मॉम्पेसनसारखा मक्तेदार देश सोडून पळाला, आणि बेकन, जो तोवर लॉर्ड चान्सेलर झाला होता, लाचेच्या आरोपावरून पदावरून गेला. १६२४ साली शेवटी मक्तेदारीविरोधी कायदा झाला. नव्या शोधाला १४ वर्षांची सनद आणि बाकीचे मक्ते बेकायदा, ही त्यातली रेषा आजच्या पेटंट कायद्यांच्या मुळाशी आहे.

त्या कायद्यात व्यापारी कंपन्या वगळल्या होत्या, आणि इथे ही गोष्ट आपल्या दाराशी येते. ३१ डिसेंबर १६०० रोजी, म्हणजे या भाषणाच्या अकरा महिने आधी, याच राणीने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडच्या व्यापाराचा १५ वर्षांचा मक्ता दिला होता. कॉमन्सच्या रागाचा रोख घरातल्या मीठ-व्हिनेगरावर होता. समुद्रापलीकडचा हा मक्ता त्या वादळात सुखरूप राहिला. १६६८ साली कंपनीने वर्षाला १० पौंड भाड्याने मुंबई घेतली, १८१८ साली पेशवाई संपवली. कंपनीने बंगालात मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि तिच्यामागून आलेल्या सरकारने मिठावरची पकड सोडली नाही. १९३० साली शिरोडा आणि वडाळा इथे माणसांनी लाठ्या खाल्ल्या त्या याच पकडीविरुद्ध.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी १५९७ ची. तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणे मुदत घालून एक तपास-मंडळ नेमले असते, तर १६०१ चा प्रसंग आलाच नसता. सेसिलने तरी निदान अधिवेशन भरण्यापूर्वी यादी मागवून वाचायला हवी होती. भर सभागृहात ती विरोधकांच्या हातून वाचली जाणे ही दरबाराची सर्वांत मोठी हार होती.

दुसरा मुद्दा कॉमन्सचा, आणि इथे मत देणे अवघड आहे. त्यांनी विधेयक सोडले नसते तर राणीने बहुधा संमती नाकारली असती आणि मीठही स्वस्त झाले नसते. तरीही दोन्ही गोष्टी साधता आल्या असत्या असे मला वाटते: जाहीरनामा स्वीकारायचा आणि त्यातली न्यायालयाची तरतूद तेवढी कायद्यात घालून घ्यायची. ती राणीनेच दिलेली होती, म्हणून ती नाकारणे तिला जड गेले असते. हातातल्या कराच्या कायद्याचा जोर त्या आठवड्यात होता, पुढच्या आठवड्यात नव्हता. प्रेमाच्या शब्दांनी डोळे भरून आलेल्या सभागृहाने तो जोर सोडून दिला आणि त्याची किंमत तेवीस वर्षे भरली.

तिसरा मुद्दा राणीचा. निरोपाच्या भाषणात तिने स्वतःबद्दल, देवाबद्दल, प्रजेच्या प्रेमाबद्दल सांगितले. तिच्यामागून कोण आणि कोणत्या अटींवर, हे सांगितले नाही. वारसाचे नाव घेतले की त्याच्याभोवती गट जमतो, ही तिची जुनी भीती होती आणि ती खोटी नव्हती. सेसिल तेव्हा स्कॉटलंडच्या जेम्सशी गुपचूप पत्रव्यवहार करतच होता. पण नाव न घेताही सांगता येण्यासारखे बरेच होते. सनद देण्याआधी काय तपासावे, कोणी तपासावे, तक्रार कुठे करावी, याचा नियम ती स्वतःच्या तोंडाने घालून देऊ शकली असती, आणि नव्या राजाला तो मोडायला लाज वाटली असती. प्रेम तिच्याबरोबर संपणार होते आणि सनदांची वही जेम्सच्या हाती जाणार होती.